तात्यासाहेबांना विचारलेला प्रश्न

“बस,” अत्तरदे सर म्हणाले, आणि मुरल्या तिथल्या तिथे फरशीवर मांडी घालून बसला.

“खाली नाही रे. खुर्चीवर.”

मुरल्याने माझ्याकडे पाहिलं. मुख्याध्यापकांच्या टेबलासमोरची खुर्ची तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी असते, हे आम्हाला पाचवीपासून ठाऊक होतं. विद्यार्थ्याने त्या खोलीत उभं राहायचं आणि हात पुढे करायचा, एवढाच तिथला रिवाज. मुरल्या खुर्चीच्या कडेवर असा टेकला की गरज पडलीच तर खुर्ची नाकबूल करता यावी. मी त्याच्या मागे भिंतीला चिकटून उभा राहिलो.

दारात नेहते सर होते. ते आम्हाला पी.टी. शिकवत. हातात निरगुडीचा ताजा फोक, चेहऱ्यावर सणासुदीचा उत्साह. “सर, हाच तो मुरलीधर फिरके. आणि हा मागचा यादव झोपे. हा नुसता हसला.”

गुन्हा असा घडला होता. सकाळी प्रार्थना संपल्यावर नेहते सर माठाकडे पाणी प्यायला वळले. तेवढ्यात रांगांमधून हुबेहूब त्यांच्याच आवाजात हुकूम सुटला, “दाहिने मुड! तेज चल!” आठवी आणि नववी असे दोन वर्ग शिस्तीत उजवीकडे वळले, फाटकाबाहेर पडले, आणि थांबायचा हुकूम कुणीच न दिल्यामुळे थेट गुरांच्या बाजारापर्यंत जाऊन पोचले. शिस्तीचं इतकं निर्मळ उदाहरण आमच्या शाळेत त्याआधी कधी घडलं नव्हतं, पण नेहते सरांना ते तसं दिसलं नाही.

“नेहते सर, तुम्ही तासावर गेलात तरी चालेल,” अत्तरदे सर म्हणाले.

“पण सर, हा फोक...”

“तो घेऊन गेलात तरी चालेल.”

अत्तरदे सर जूनमध्ये नवीन आले होते. किडकिडीत माणूस, कोट मात्र एखाद्या जाड माणसाचा वाटावा असा. संस्थेने त्यांना एका वर्षाच्या बोलीवर घेतलं होतं, काम पसंत पडलं तर कायम करू म्हणून. आल्या आल्या त्यांनी शाळेतल्या छड्या बंद करून टाकल्या. आता पुढे काय, हे बघायला अख्खी शाळा टपली होती. पहिला नंबर आमचा लागला.

“काय केलंस?” सरांनी विचारलं.

“सर, ते असं झालं की नेहते सर पाणी प्यायला गेले ना, तर मला वाटलं...”

“कारण नको. कारण सगळ्यांकडे असतं. काय केलंस तेवढं सांग.”

मुरल्याने सांगितलं. सांगताना ‘तेज चल’ त्याच्या तोंडून पुन्हा नेहते सरांच्याच आवाजात निघालं. बाहेर व्हरांड्यातून जाणारी कुणाची तरी पावलं भरभर वाजली. मी भिंतीकडे तोंड केलं.

“बरं,” सर म्हणाले. “मग शिक्षा काय घेणार?”

“तुम्ही द्याल ती, सर.”

“मी देत नाही. तू ठरवायची. मारायचं नाही, स्वतःला पण नाही. दुसऱ्या कुणाला त्यात राबवायचं नाही. आणि ती तू पाळतोस की नाही ते बघायला कुणीही येणार नाही, मीसुद्धा नाही.”

मुरल्याचा चेहरा उजळला. बघायला कुणी येणार नसेल तर वाटेल तेवढी मोठी शिक्षा घ्यायला त्याची ना नव्हती. “सर, मी दोन महिने केळं खाणार नाही!”

आमच्या गावाच्या चारी बाजूंना केळीच्या बागा. सकाळी केळं, दुपारी केळं, आजारी पडलं की केळं, बरं झालं की आनंदाने केळं. केळं खायचं नाही ही आम्हा पोरांना शिक्षा नव्हती, बक्षीस होतं.

सरांनी चष्मा पुसला. “पुरेल का?” एवढंच विचारलं.

रागावून नाही. दुकानदार कापड दाखवताना विचारतो तसं. मुरल्या हो म्हणायला गेला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी मुरल्याला बालवर्गापासून ओळखत होतो, पण विचार करताना तो कसा दिसतो हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“सर,” तो शेवटी म्हणाला, “मी आठवडाभर शाळेत बोलणार नाही. एक शब्द नाही.”

“पुरेल का?”

मुरल्याने होकारार्थी मान हलवली. तोंडाने बोलला नाही. शिक्षा सुरू झाली होती.

“आणि तू?” सर माझ्याकडे वळले.

“मी आठवडाभर हसणार नाही, सर,” मी सांगितलं. मला ते फार स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं. मुरल्या बोलणारच नाही म्हटल्यावर हसायचं कशाला? पण दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या सरांनी त्याला प्रश्न विचारला, आणि हा उभा राहून तोंड घट्ट मिटून त्यांच्याकडे शांतपणे बघत राहिला, इंग्रजीच्या सरांनी कपाळावर हात मारला, तेव्हा मला कळलं की न बोलणारा मुरल्या बोलणाऱ्यापेक्षा कितीतरी घातक आहे. तो आठवडा मी वहीची कड चावून काढला.

ही तऱ्हा शाळेत पसरली. नेहते सर म्हणत होते तशी शाळा आठ दिवसांत बुडाली नाही. उलट पोरं त्या खुर्चीला छडीपेक्षा जास्त भिऊ लागली. छडी एकदा खाल्ली की हिशेब मिटायचा. इथे आपलाच आपल्याशी घोळ. दहावीतला एक दांडगा पोरगा सरांच्या खोलीतून बाहेर आला तो घामाघूम. आम्ही विचारलं, काय झालं रे? तर म्हणाला, “त्यांनी काहीच केलं नाही भो. नुसतं विचारलं.”

पालकांची मात्र पंचाईत झाली. एका पोराने घरी आठवडाभर आपलं ताट आपण घासायचं ठरवलं, तर त्याची आजी शाळेत येऊन रडली. तिला वाटलं, नातवाला शाळेतून काढून टाकून कुठे कामाला लावलंय.

असं जानेवारीपर्यंत चाललं.

सव्वीस जानेवारीला झेंडा फडकवायला संस्थेचे अध्यक्ष येत. अध्यक्ष म्हणजे तात्यासाहेब भंगाळे. गावातलं कापसातून सरकी काढायचं जिनिंग त्यांचं, आणि मुरल्याचा बाप त्याच जिनिंगमध्ये हमालीला. शाळाही त्यांच्याच वडिलांनी काढलेली, त्यामुळे शाळेचं घड्याळ काय दाखवतं यापेक्षा तात्यासाहेब कधी निघतात याला महत्त्व होतं. आम्हाला सात वाजता पांढऱ्या कपड्यांत रांगेत उभं केलं. थंडी होती, पोरं दात वाजवत होती. मग ऊन आलं, तेव्हा बरं वाटलं. मग ते चढलं. मग ते नकोसं झालं. पाचवीतली एक मुलगी सूर गेलेल्या पेटीसारखा आवाज करून खाली बसली. तिला व्हरांड्यात नेलं. तिच्यामागून आणखी एक गेला. अत्तरदे सर दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. आम्हाला बसू द्या, असं त्यांनी नेहते सरांना सांगितलेलं मी ऐकलं. नेहते सर म्हणाले, “सर, बसवलं आणि तेवढ्यात तात्यासाहेब आले म्हणजे? वर्ष तुमचं संपत आलंय, माझं काही नाही.”

आम्हाला बसवलं नाही.

तात्यासाहेब आले तेव्हा सावल्या पायाखाली आल्या होत्या. लाल रेशमी फेटा, पिळदार मिशा, सकाळी पोटभर जेवलेल्या माणसाचा चेहरा. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, आणि ते भाषणाला उभे राहिले. विषय होता शिस्त.

“मुलांनो,” ते म्हणाले, “वेळ पाळायला शिका. जो वेळ पाळत नाही त्याचं आयुष्यात काही होत नाही.”

पुढे बरंच होतं. शेवटी, जसं ते दर वर्षी म्हणत, तसं म्हणाले, “कुणाला काही विचारायचं असेल तर मोकळ्या मनाने विचारा, बाळांनो.” शाळा निघाल्यापासून कुणी काही विचारलेलं नव्हतं. टाळ्या वाजवायला आमचे हात वर आलेलेच होते. त्यातला एक हात जरा जास्तच वर गेला.

“विचार, विचार,” तात्यासाहेब खूष होऊन म्हणाले.

मुरल्या रांगेतून एक पाऊल पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर खोडीचा मागमूस नव्हता. मी शपथेवर सांगतो, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सहा महिने आम्ही सगळे ज्या खुर्चीवर बसून घामाघूम झालो, तिच्यावर बसून एवढा मोठा माणूस काय म्हणेल, याचं त्याला कुतूहल होतं. ते मलाही होतं.

“तात्यासाहेब,” तो म्हणाला, “आज तुम्हाला उशीर झाला. तर तुम्ही शिक्षा काय ठरवली?”

मैदानावर झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, ती ऐकू येऊ लागली.

तात्यासाहेबांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. “कोणाचा आहे रे हा? फिरकेचा का? मास्तर, याचं नाव...”

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. अत्तरदे सर व्यासपीठावरून उतरले, चार ढांगांत मुरल्यापाशी आले आणि त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

“रांगेत जा,” ते म्हणाले, आणि व्यासपीठावर परतले.

तात्यासाहेब मिशीवरून हात फिरवून म्हणाले, “असू द्या मास्तर, असू द्या. समजलं त्याला. पोरच आहे.” आणि पेढ्यांचं ताट पुढे आलं.

मुरल्याने पेढा घेतला नाही. पोरं त्याच्या लाल गालाकडे बघत नव्हती. सगळी व्यासपीठाकडे बघत होती, जिथे अत्तरदे सर आपल्या उजव्या हाताकडे पाहत उभे होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे आणि चुकून त्यांच्या कोटातून बाहेर आलाय. नेहते सरांनी त्या दिवशी दोन पेढे घेतले.

घरी जाताना मी म्हटलं, “म्हणजे सगळं खोटंच होतं ना रे? आपल्यापुरतं?”

मुरल्या बोलला नाही. मला वाटलं, पुन्हा आठवडाभर.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला शिपाई आला. “फिरकेला बोलावलंय. झोपेला पण.”

आम्ही खोलीत शिरलो तर टेबलामागची मोठी खुर्ची रिकामी. अत्तरदे सर टेबलाच्या अलीकडे, त्या पाहुण्यांच्या खुर्चीवर बसलेले. आम्ही बसायचो तसेच, कडेवर.

“तिकडे बस,” ते मुरल्याला मोठी खुर्ची दाखवून म्हणाले.

“नको सर.”

“बस रे. मला उशीर होतोय.”

मुरल्या बसला. त्याचं डोकं टेबलाच्या वर जेमतेम येत होतं.

“काल मी तुला मारलं,” सर म्हणाले.

मुरल्या दौतीकडे बघत राहिला. मग एकदम म्हणाला, “सर, मला माहीत आहे. ते माझं नाव काढायला सांगणार होते. आणि बाबाची हमाली पण गेली असती. तुम्ही मारलं म्हणून ते थांबले. मी रात्री घरी सांगितलं, तर बाबा पण म्हणाला, मास्तराने वाचवलं.”

मी उभ्या उभ्या थक्क झालो. मला हे सुचलंच नव्हतं. मला वाटलं, चला, सुटलं. सरांचा चेहरा आता मोकळा होईल, ते हसतील, आम्ही तासावर जाऊ.

“हे कारण झालं,” सर म्हणाले. “आपण कारण विचारतो का?”

मुरल्याने मान आडवी हलवली.

“मी शिक्षा ठरवली आहे. तू एक प्रश्न विचारलास, तो मी मध्येच थांबवला. प्रश्नात चूक नव्हती. आज संध्याकाळी जिनिंगवर जाऊन तात्यासाहेबांना तो मी विचारणार आहे. तुझं नाव न घेता, माझा म्हणून. पुरेल का, ते तू सांगायचं.”

मुरल्या खुर्चीत आणखी खाली सरकला. “सर, तुमचं कायम व्हायचं आहे ना?”

“तुला ते कुणी सांगितलं?”

“सगळ्या शाळेला माहीत आहे, सर.”

“मग? पुरेल का?”

“जास्त होतंय, सर,” मुरल्या म्हणाला.

सरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. “असं मला अजून कुणी म्हटलं नव्हतं,” ते म्हणाले, आणि उठले. “जा तासावर. आणि बघायला कुणी यायचं नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.”

आम्हाला माहीत होतं. म्हणून आम्ही जिनिंगच्या पुढच्या फाटकाने गेलो नाही, मागच्या कुंपणातून गेलो. सरकीच्या ढिगाआडून तात्यासाहेबांची कचेरी समोर दिसत होती. तिला मोठी काच होती, कामगारांवर लक्ष ठेवायला. आज ती उलटी कामाला आली. पण जिनची सगळी यंत्रं चालू, आणि त्यांचा आवाज असा, की शेजारी बोलणाऱ्या मुरल्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

सर आत गेले. तात्यासाहेबांनी हसून खुर्ची दाखवली. सर बसले नाहीत. उभ्यानेच बोलले, थोडंसंच. आम्हाला तो प्रश्न पाठ होता, त्यामुळे कुठला शब्द कधी पडला ते यंत्रांच्या आवाजातही कळत होतं. तात्यासाहेबांचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. ते उठले. बोट दाराकडे दाखवून बरंच काही बोलले. सर ऐकत राहिले. मग सरांनी आणखी एक अगदी छोटं काहीतरी विचारलं, दोन शब्द असतील, नमस्कार केला आणि बाहेर पडले. काचेमागे तात्यासाहेब तसेच उभे. चहा आला, त्यांनी घेतला नाही. हमाल येऊन काही विचारून गेला, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. तोवर ते बसले नव्हते.

पुढे काही घडलं नाही. मुरल्याचं नाव पटावर राहिलं, त्याच्या बापाची हमाली राहिली. मे महिन्यात मात्र अत्तरदे सरांना संस्थेने सांगितलं की आपली गरज नाही. संस्थेला कडक शिस्तीचा मुख्याध्यापक पाहिजे, असं गावात बोललं गेलं. पोचवायला एस.टी. स्टँडवर आम्ही दोघंच. सरांची एक ट्रंक आणि एक वळकटी. गाडीला वेळ होता, आणि मुरल्याला जे चार महिने विचारायचं होतं ते त्याने विचारलं.

“सर, तात्यासाहेबांनी मग काय ठरवलं?”

“मला काय माहीत?” सर म्हणाले. “माझी शिक्षा विचारायची होती. उत्तर मिळवायची नव्हती.”

“पण तुम्हाला जाणून घ्यावंसं वाटत नाही?”

“फार वाटतं,” सर म्हणाले, आणि गाडीत चढले. खिडकीतून त्यांनी हात केला. तो उजवा होता.

जूनमध्ये नवे मुख्याध्यापक आले. ते कडक होते. नेहते सर पुन्हा तरुण दिसू लागले. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या सजावटीसाठी मुरल्याला आणि मला सगळ्यांच्या आधी बोलावलं होतं. आम्ही फाटकातून आत शिरलो तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. मैदानाच्या मधोमध, जिथे पाचवीची रांग लागते तिथे, कुणीतरी एकटंच उभं होतं. रेशमी फेटा.

“बाप रे,” मी म्हणालो. “यांना वेळ चुकीची कळली वाटतं.”

मुरल्या धावत जाऊन खोलीतून खुर्ची घेऊन आला. “तात्यासाहेब, बसा ना. अजून पुष्कळ वेळ आहे.”

“ठेव ती तिकडे,” तात्यासाहेब म्हणाले. “बसायचं नाही.”

“कुणी सांगितलं?” मुरल्याने विचारलं. नको तिथे विचारायची त्याची सवय गेली नव्हती.

तात्यासाहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याला ओळखलं की नाही कळेना. “मला कोण सांगणार?” ते म्हणाले.

पोरं जमू लागली. अध्यक्षांना मैदानात उभं पाहून आपोआप रांगा लागल्या. नेहते सरांना एकही हुकूम द्यावा लागला नाही. ऊन आलं, चढलं. तात्यासाहेबांच्या मानेवरून घाम उतरत होता. कुणी छत्री आणली, त्यांनी ती पाचवीच्या मुलींकडे पाठवली. सगळे होते, फक्त नवे मुख्याध्यापक नव्हते. अध्यक्ष नेहमीच उशिरा येतात, असं त्यांना कुणीतरी पक्कं सांगितलं होतं. ते सावकाश, नव्या धोतराचा सोगा सांभाळत फाटकातून आत आले, मैदानाच्या मधोमध पाहिलं आणि धावत सुटले.

“साहेब! क्षमा करा साहेब, माझी अशी समजूत होती की...”

“कारण नको,” तात्यासाहेब म्हणाले. “काय ठरवलं तेवढं सांगा.”

“कशाचं, साहेब?”

तात्यासाहेबांनी फेट्याच्या टोकाने कपाळ पुसलं आणि मुरल्याकडे बोट केलं.

“या पोराला विचारा. हा समजावून सांगेल तुम्हाला.”